उष्टी लस

माणसाच्या तोंडात सातशे जातींचे जीवाणू राहतात, असं आमचे सोनजे सर म्हणतात. माझ्या आईचं म्हणणं असं, की बाकीच्यांच्या तोंडातले गप्प बसतात आणि माझ्या तोंडातले दिवसभर बोलतात. पण मी आधी अशी नव्हते. आठवीपर्यंत वर्गात माझा आवाज फक्त हजेरीपुरता निघायचा. नववीत सरांनी मला विज्ञान मंडळाची प्रमुख केलं आणि माझं झाकण उडालं ते उडालंच. म्हणून ही गोष्ट मीच सांगणार. रेवा म्हणत होती दोघी मिळून लिहू, पण तिला आधी प्रस्तावना लागते, मग उद्दिष्टं लागतात. तोवर वाचणारा झोपतो.

मी संघमित्रा गांगुर्डे. सगळीकडे मित्राच. आमची वस्ती पाटाच्या अलीकडे आणि सप्तश्री हाइट्सचे टॉवर पलीकडे. मध्ये एक लोखंडी साकव. सकाळी वस्तीतल्या बाया साकवावरून तिकडे जातात, दुपारी परत येतात. माझी आई तिथे स्वयंपाकाची कामं करते, आणि तिच्या घरांपैकी एक घर रेवाचं. रेवा धारणकर माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. ती फी भरून, मी स्कॉलरशिपवर. परीक्षेत ती माझं बघून लिहिते आणि मी तिचं, त्यामुळे हिशेब बरोबर आहे.

आता घोगऱ्याबद्दल. हे नाव डॉक्टरांनी नाही ठेवलं, लोकांनीच ठेवलं. थंडी पडली की हा आजार येतो. आधी आवाज बसतो, मग ताप चढतो. मोठी माणसं आठवड्यात उठतात. पण सहा वर्षांच्या आतल्या पोरांचा घसा आतून सुजतो आणि श्वासाची वाट बारीक होत जाते. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या कडूबाई मावशींची नात आरू ऑक्सिजनवर होती. वाचली, पण अजून ती कुजबुजल्यासारखीच बोलते. खेळताना तिला ओरडता येत नाही, म्हणून ती टाळ्या वाजवते. माझी बहीण समू तिच्याच वयाची. समूला ओरडण्याशिवाय दुसरं काही येत नाही.

घोगऱ्यावर लस आली ती सुईची नव्हती. चघळायची गोळी होती. त्या गोळीत एक झोपलेला जीवाणू असतो, एरवीही आपल्या जिभेवर राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शास्त्रज्ञांनी त्याच्यात असा बदल केला, की तो घोगऱ्याच्या विषाणूचं एक प्रथिन स्वतःच्या अंगावर चढवतो. म्हणजे समजा, एका साध्या माणसाला चोराचा शर्ट घातला. घशातल्या पहारेकरी पेशी तो शर्ट रोज बघतात, रोज बोंब मारतात, आणि खरा चोर येतो तेव्हा शर्ट त्यांच्या चांगला ओळखीचा झालेला असतो. हा पाहुणा जीवाणू तोंडात मुक्काम ठोकतो, आपली संख्या आपणच वाढवतो. आणि लाळेतून दुसऱ्याच्या तोंडात गेला, तर तिथेही संसार थाटतो. म्हणजे एकाने गोळी घेतली, की त्याचं उष्टं खाणाऱ्यालाही लस मिळाली.

पुढचं सगळं रामायण या शेवटच्या गुणावरून घडलं. गोळीचं पेटंट एका कंपनीकडे, म्हणून गोळी महाग. ज्यांना परवडली त्यांनी विकत घेतली. सरकारकडे आल्या थोड्याच. मग कुणीतरी कॉम्प्युटरवर मॉडेल बनवून दाखवलं, की प्रत्येकाला गोळी द्यायची गरजच नाही. प्रभागातल्या दहांपैकी एकाला दिली की बाकीच्या नऊ जणांना त्याच्याकडून आपोआप मिळेल. माणसं एकत्र जेवतात, एका पेल्यातून पितात, कामाला एकमेकांकडे जातात. योजनेचं नाव ठेवलं 'विरजण'. जाहिरातीत एक बाई पातेलंभर दुधात चमचाभर दही घालते आणि आपल्याकडे बघून गोड हसते.

आमच्या प्रभागात दहात एकापेक्षा जास्त लोकांनी गोळी घेतलेली होती. सगळे टॉवरमधले, आणि सगळ्यांनी विकत. आरोग्य विभागाच्या नकाशावर आमचा प्रभाग हिरवा झाला. हिरव्या प्रभागाला सरकारी गोळ्या मिळत नाहीत.

हे मला तेव्हा माहीत असूनही कळलं नव्हतं. कळलं ते प्रयोगशाळेत.

सोनजे सरांनी तपासणीच्या पट्ट्या आणल्या होत्या. पट्टी जिभेवर ठेवायची. पाहुणा तोंडात असेल तर पट्टी जांभळी होते, नसेल तर पांढरीच राहते. रेवाची जांभळी झाली. तिच्या मागच्या बाकाची झाली. माझी आपली पांढरी.

"तू नीट चाटली नाहीस," रेवा म्हणाली.

"जीभ काय असते हे मला माहीत आहे."

"ते तर सगळ्या शाळेला माहीत आहे."

मी दुसरी पट्टी घेतली. पांढरी. वर्गात पांढरी पट्टी आलेले आम्ही चारच जण निघालो आणि चौघंही साकवाच्या अलीकडचे. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पट्ट्यांचं अख्खं पाकीट माझ्या हातात दिलं. "प्रमुखबाई, वस्तीत जाऊन बघा."

मी दोन संध्याकाळी आमची सगळी गल्ली तपासली. पोरं, बाया, रिक्षावाले, टॉवरमधल्या गाड्या धुणारे दादा. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या. शेवटी आईची जीभ तपासली. आई धारणकरांकडे गेली सहा वर्षं जाते. त्या घरातल्या माणसांनी पहिल्याच आठवड्यात गोळ्या घेतल्या होत्या. आईची पट्टीही पांढरी.

"आई, तू रेवाकडे चहा पितेस ना?"

"पिते की." आई भाकरी थापत होती.

"कशात?"

"कपात. अजून कशात?"

"कुठल्या कपात?"

भाकरी तव्यावर गेली. "माझ्या कपात. सिंकखाली ठेवलेला असतो. पाण्याचा पेलाही तिथेच."

"आणि त्यांची भाजी करताना चव घेऊन बघत नाहीस?"

"चव घेतली तर कामावरून काढतील. मीठ मला वासावरून कळतं."

कडूबाई मावशी दारात बसून लसूण सोलत होत्या. त्या टॉवरचे जिने झाडतात. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "आपल्या हातचं चालतं गं त्यांना, पोरी. तोंडचं चालत नाही." मग स्वतःच हसल्या. "विरजणाची वाटी त्यांच्या ओट्यावर आन् दूध पाटाच्या अलीकडं. दही लागंल कसं?"

मला एकदम सगळं दिसलं. मॉडेलवाल्यांनी मोजलं होतं, की पाटाच्या अलीकडची इतकी माणसं रोज पलीकडच्या घरात जातात, तिथे शिजवतात, तिथे चहा पितात. म्हणजे जीवाणू येणारच. आकडे खरे होते. फक्त सिंकखाली कुणी वाकून बघितलं नव्हतं. जांभळा रंग कुठवर पोचतो हे बघितलं की कोण कुणाचं उष्टं खातं ते सरळ दिसतं, आणि तो रंग साकवावर येऊन थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मी हे रेवाला सांगितलं.  तिच्या घरातला सिंक तिने रोज बघितला होता.

"त्या कपाबद्दल मी कधी विचारच केला नाही," ती म्हणाली. मग डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "माझं उष्टं खा."

"काय?"

"शिरा आहे. आधी मी खाते, मग त्याच चमच्याने तू. मग परत मी."

आम्ही पाचवीपासून डबा वाटून खातो, पण नेहमी झाकणात वाढून. एका चमच्याने कधीच नाही. रेवाने घास खाल्ला, चमचा पार चाटूनपुसून माझ्याकडे दिला. मी नाक धरलं. ती म्हणाली, "नाटकं करू नकोस, विज्ञान आहे हे." आम्ही इतक्या हसलो, की शिरा माझ्या नाकात गेला. मग ते रोजचंच झालं. आठवडा गेला आणि माझी पट्टी फिकट जांभळी आली, आणखी दोन दिवसांनी चांगली गडद.

मी धावत घरी गेले. वाटेत सगळी योजना तयार केली. आईने रेवाच्या मम्मीच्या कपातून गुपचूप एक घोट घ्यायचा. कडूबाई मावशींनी जिन्यात टाकलेल्या शीतपेयाच्या बाटल्या. गाड्या धुणारे दादा... जमेल तसं. महिन्याभरात अख्खी वस्ती जांभळी. मी हे एका दमात सांगितलं. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही."

"अगं, पण पट्टी बघ."

"बघितली." ती पाट ओढून माझ्यासमोर बसली. "माझ्या आजोबांचे वडील गावात दारोदार फिरून उरलंसुरलं गोळा करायचे. भाकरीचे तुकडे, खरवड. तो हक्क आहे म्हणायचे गावातले. आजोबांनी एके दिवशी टोपली पाटलाच्या दारात ठेवली आणि म्हणाले, उपाशी राहू पण उष्टं उचलणार नाही. काही दिवस खरंच उपाशी राहिले. तेव्हापासून आपल्या घरात उष्टं आलेलं नाही. आता लशीचंही येणार नाही."

"मी रेवाचं खाल्लं ना."

"रेवाने तुझं खाल्लं?"

"खाल्लं. रोज खाते. माझी ठेच्याची भाकरी तर ती निम्म्याहून जास्त खाते."

"मग ते उष्टं नव्हे. ते जेवण झालं." आई उठली. "चोरून पिणं वेगळं."

मला वादात हरायची सवय राहिलेली नाही, त्यामुळे मी शेवटचा प्रयत्न केला. "आणि माझं उष्टं समूने खाल्लं तर?"

"बहिणीचं बहीण खाते. त्यात विचारायचं काय?" आई दारापाशी थांबली. "पण वस्तीतल्या सगळ्या लेकरांना काय तू भरवणार आहेस? त्यांच्या वाटच्या गोळ्या कुठे आहेत ते विचार ना कुणाला तरी. एवढं बोलतेस दिवसभर."

हे मला लागलं, आणि पटलंही.

प्रभाग आरोग्य अधिकारी डॉ. शिंत्रे मॅडम. दोनदा त्या भेटल्याच नाहीत; दोन आठवड्यांनी, शाळा सुटल्यावर, मी आणि रेवा पुन्हा त्यांच्या कार्यालयात गेलो. शिपाईकाका म्हणाले मॅडम कामात आहेत. मी म्हणाले आम्हीही कामातच आहोत. आत गेलो. मॅडमच्या पुढ्यात वडापाव होता, तोही अर्धवट, आणि भिंतीवर प्रभागांचा नकाशा. आमचा तुकडा हिरवागार.

मी सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "तपासणी कुणी केली?"

"मी."

"म्हणजे कोण?"

"विज्ञान मंडळाची प्रमुख."

त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. ड्रॉवरमधून त्यांनी स्वतःची पट्टी काढली. "घरी केलेल्या तपासणीत चुका होतात. पट्ट्या जुन्या असतात, दमट असतात. तू वस्तीतच राहतेस ना? जीभ दाखव."

मी मोठ्या ऐटीत जीभ काढली. आणि जीभ बाहेर असतानाच मला आठवलं. रेवालाही आठवलं असावं, कारण तिने माझा दंड घट्ट धरला.

पट्टी गडद जांभळी झाली.

"हे बघ," मॅडम सौम्यपणे म्हणाल्या. "तू गोळी घेतली नाहीस आणि तुझ्याकडे आलंय. म्हणजे पोचतंय. वेळ लागतो, पण पोचतंय. बाळ, माझ्याकडे आठ प्रभाग लाल आहेत. त्यांना द्यायला माझ्याकडे गोळ्या नाहीत. हिरव्याला कुठून देऊ?"

"ते माझ्याकडे आलं कारण रेवा माझी मैत्रीण आहे. वस्तीतल्या प्रत्येकाला टॉवरमध्ये मैत्रीण नाही."

"मैत्रीण नसेल, काम तर आहे. घरच्या घरी तर पसरेलच. तुझ्यापासून तुझ्या घरच्यांना, त्यांच्यापासून शेजाऱ्यांना." त्यांनी वडापाव उचलला. आमची वेळ संपली होती.

साकवावर मी इतकी गप्प होते, की रेवाने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला. माझाच पुरावा मी माझ्याच जिभेने पुसला होता.

घरी आल्यावर वाटलं, निदान समूचं तरी बघू. पट्टी जांभळी झाल्यापासून मी माझ्या प्रत्येक खाऊतलं अर्धं तिला देत होते. पेरू, चिक्की, आवळा, बिस्कीट, काही सोडलं नव्हतं. माझ्या हिशेबाने ती आता चांगली जांभळी असायला हवी. तिने जीभ काढली, पट्टीला नावं ठेवली, मग परत काढली.

पांढरी.

मी सुन्न होऊन बसले. आम्ही एका गोधडीत झोपतो. एका ताटात जेवतो, मात्र ती तिच्या बाजूने आणि मी माझ्या. मग असं कसं? समूला माझ्या शोकाशी काही देणंघेणं नव्हतं. तिने दप्तरातून चिक्की शोधून काढली होती. "ताई, चिमणीनं तोड."

मी चिक्की घेतली, युनिफॉर्मच्या टॉपच्या टोकात गुंडाळली, कापडावरूनच दातात धरली आणि कडकन तोडली. अर्धी तिला दिली. आणि तशीच थांबले, तोंडात कापड धरून.

चिमणीचे दात. आमच्यात प्रत्येक पोर हे करतं, तुम्हीही केलं असेल. खाऊ कापडात धरून तोडायचा, म्हणजे तो उष्टा होत नाही. कोण शिकवतं कुणास ठाऊक. मी समूला आयुष्यात कधी माझं उष्टं दिलंच नव्हतं. ती मला जीव की प्राण आहे, तिच्यासाठी मी विषाणूशीही मारामारी करीन, आणि तरी दोन आठवडे मी प्रत्येक घास न चुकता कापडातून गाळून तिला दिला होता. हाताला सवयच तशी. मॉडेल ज्यांनी कुठेतरी बनवलं त्यांच्या तिकडे ही चिमणी नसणार.

आधी मी खूप हसले. मग उरलेली चिक्की सरळ तोंडात घातली, चावली, ओला तुकडा काढून समूपुढे धरला. ती "शी" म्हणत होती, पण खाल्लाच असता तिने, चिक्की आहे म्हटल्यावर.

मी हात मागे घेतला.

समू जांभळी झाली, तर शिंत्रे मॅडम म्हणणार, बघ, पोचतंय. मी तिला वाचवलं की आरूचं, शेजारच्या तान्ह्या विहानचं, गल्लीतल्या सगळ्या पोरांचं दार माझ्याच हाताने बंद. समू पांढरी राहिली तरच मॉडेल चुकलंय हे कुणाला तरी दाखवता येणार होतं.

मी मॅडमना फोन करून सांगितलं, माझ्या घरातच पसरत नाहीये, येऊन बघा. त्या म्हणाल्या, "सोमवारी येते." त्या दिवशी गुरुवार होता, आणि पाटावरून थंड वारं सुटलं होतं. शेजारच्या प्रभागात घोगऱ्याचे दोन रुग्ण सापडल्याचं कडूबाई मावशी सांगत होत्या.

आईला मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आत्ता दिलंस तर कधीपासून उपयोग?"

"रुजायला आठवडा लागतो."

"म्हणजे सोमवारी दिलंस तर चार दिवस पुढे जाईल."

"हो. पण त्या चार दिवसांचं काय?"

 आईने समूला शाल गुंडाळली आणि अंगणवाडीला सुट्टी द्यायची म्हणाली.

रविवारी सकाळी समू उठली आणि म्हणाली, "ताई." तिचा आवाज फाटलेला होता.

 कोनाड्यात पेरू होता. मी त्याचा लचका तोडला, कापडबिपड काही नाही, आणि तिच्याकडे वळले. आईने माझं मनगट धरलं. दुसरा हात समूच्या कपाळावर. मग मानेला. मग तिने समूला आ करायला लावलं आणि उजेडात घशात बघितलं.

"ताप नाही. सूजही नाही. काल आरूसाठी दिवसभर हीच ओरडत होती, तिच्या वाटचं पण."

"आणि मी चुकले तर?"

"आपण दोघी चुकू. तू एकटी नाही." तिने मनगट सोडलं नाही. "दुपारपर्यंत बघू. अंग तापलं तर पेरूनेही काही व्हायचं नाही, थेट दवाखान्यात नेऊ."

 त्या दुपारी आम्ही समूला दर थोड्या वेळाने बोलायला लावत होतो. चार वाजता तिने शेजारच्या कोंबडीला अशी काही शिवी घातली, की आईने तिला धपाटाही दिला आणि मुकाही घेतला. मुका गालावर. मी नीट बघितलं.

सोमवारी शिंत्रे मॅडम आल्या. साकवावरून चालत. रेवाही शाळा बुडवून आली होती, घरी न सांगता.

मॅडमनी समूच्या जिभेवर पट्टी ठेवली. वाट बघितली. दुसरी ठेवली. "ही तुझी सख्खी बहीण?"

"एका गोधडीत झोपतो."

"आणि खाणंपिणं?"

"सगळं अर्धं अर्धं. समू, मॅडमना बिस्कीट दे."

समूला पाहुणचार आवडतो. तिने बिस्कीट घेतलं, फ्रॉकच्या घेरात गुंडाळलं, कापडावरून कुट्कन तोडलं आणि अर्धं मॅडमच्या हातावर ठेवलं. वर म्हणाली, "घ्या. उष्टं नाहीये."

मॅडम त्या अर्ध्या बिस्किटाकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, अगदी डोळे पुसेपर्यंत. "आम्ही कैऱ्या तोडायचो अशा. माझा भाऊ तर..." त्या मध्येच थांबल्या. हसू हळूहळू गेलं. "घरातसुद्धा पसरत नाहीये," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी बॅग उचलली आणि टॉवरमधून कामावरून परतणाऱ्या बायांना साकवाच्या तोंडाशीच गाठलं. एकेकीची जीभ. पांढरी, पांढरी, पांढरी. कडूबाई मावशींनी तपासून घेता घेता कपांची माहिती दिली. कुणाचा गॅलरीत, कुणाचा सिंकखाली, कुणाला कपच नाही. मॅडमनी मान खाली घातली होती.

"म्हणजे लोकांना समजावावं लागेल," आमच्या ओट्यावर परत आल्यावर त्या म्हणाल्या. "मुलांना सांगायचं, काही दिवस चिमणी बंद."

"पोरांना मी सांगते," आई म्हणाली. ती आतापर्यंत दारात उभी राहून ऐकत होती. "पण पलीकडे कोण सांगणार, मॅडम? लिफ्टमध्ये पोस्टर लावणार का? कामवालीबरोबर एका कपात चहा प्या म्हणून?"

रेवाने तोंडावर हात ठेवला. मॅडमनी बहुतेक ते पोस्टर डोळ्यांपुढे आणून बघितलं, कारण त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"त्यापेक्षा गोळ्या पाठवा," आई म्हणाली. "आम्हालाही दात आहेत. आमचं आम्ही चघळू."

मॅडमनी तिथेच, आमच्या ओट्यावर बसून, टॅबवर नकाशा उघडला. पाटाच्या अलीकडचा भाग बोटाने वेगळा केला. कारण काय लिहायचं यावर जरा अडल्या. मग त्यांनी लिहिलं, 'संपर्क आहे, सहभोजन नाही.' तुकडा लाल झाला. लाल रंग बघून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

लाल प्रभागांसाठी अडकलेला नवा साठा त्याच आठवड्यात सुटला, त्यात आमच्याही गोळ्या आल्या, आणि आमच्यामागोमाग शहरातल्या आणखी दोन हिरव्या प्रभागांनी पट्ट्या मागवल्या असं सोनजे सरांनी सांगितलं. समाजमंदिरात टेबलं लागली. माणशी एक गोळी. समूने तिची अख्खी गोळी चघळली आणि पुढे आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला जीभ दाखवत होती. आरूनेही चघळली आणि टाळ्या वाजवल्या. आईने गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "साखर जास्त झालीय."

लाईन लावायचं काम आईकडे होतं. पार पाटापर्यंत लाईन गेली होती. दुपारच्या सुमाराला साकवावरून धारणकर मॅडम आल्या, रेवाची मम्मी, आणि त्यांचा हात धरून रेवाची आजी. ही आजी सोवळ्यात जेवते. तिचं ताट वेगळं, भांडं वेगळं, पाणी ती वरून पिते. तिला घरच्यांकडून आपोआप मिळेल म्हणून तिची गोळी कुणी घेतलीच नव्हती. आदल्या दिवशी रेवाने तिची जीभ तपासली होती. पांढरी.

"मंदाताई," धारणकर मॅडम आईला हळू आवाजात म्हणाल्या, "दुकानात आता महिन्याची वेटिंग आहे. इथे एखादी मिळेल का? तुम्ही टेबलावर जरा सांगितलंत तर..."

सगळी लाईन ऐकत होती. मी आईकडे बघत होते. आई तिच्या कामाच्या घरातल्या बाईशी अशी इतकी समोरासमोर उभी असलेली मी कधी बघितली नव्हती.

"सांगायला कशाला लागतं?" आई म्हणाली. "मिळेल की. सगळ्यांनाच मिळतेय." तिने आतून खुर्ची आणली, आजींना सावलीत बसवलं. मग पाटाकडे हात केला. "लाईन तिकडून आहे, मॅडम. आजींच्या जागी तुम्ही उभ्या राहा."

धारणकर मॅडमनी लाईनच्या शेवटाकडे बघितलं. क्षणभर वाटलं, त्या परत जाणार. मग त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली आणि चालत जाऊन शेवटी उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढे कडूबाई मावशी होत्या. मावशींनी मागे वळून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि एक पाऊल पुढे सरकल्या.

"अशा इकडं या, बाई," त्या म्हणाल्या. "तिथं ऊन लागंल."